हेडर लागले, सेन्सर थंड पडला: सिएलोला चार वायरचा ऑक्सिजन सेन्सर बसवताना

कंपनीच्या मॅनिफोल्डऐवजी हेडर, म्हणजे इंजिनमधला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा संच, बसवल्यापासून आमची देवू सिएलो वर्धा रोडवर झकास पळायची आणि व्हेरायटी चौकाच्या सिग्नलवर बिघडायची. आयडलवर इंजिन वर-खाली होणार, मागून कच्च्या पेट्रोलचा वास येणार, मीटरमधला चेक इंजिनचा दिवा मनात आलं तर लागणार. सिग्नल सुटून गाडी अजनीच्या पुढे मोकळी झाली की थोड्या वेळात सगळं ठीक. असल्या आजाराची गंमत अशी की तो मिस्त्रीला दाखवता येत नाही. गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत गाडी चांगली तापून शहाणी झालेली असते.

गाडी १९९८ ची. बाबांनी मुंबईत घेतलेली, बदलीबरोबर नागपूरला आली. १९९५ च्या एप्रिलपासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला होता, म्हणून हिला तो आहे. शिसं असलेलं पेट्रोल देशभरातून पूर्ण गेलं ते २००० च्या फेब्रुवारीत. तोवर प्रत्येक पंपावर बाबा गाडीतून उतरून नोझल कुठल्या पंपाचं आहे ते बघायचे, कारण शिसं कन्व्हर्टरलाही मारतं आणि ऑक्सिजन सेन्सरलाही. आता पंपावर कुणी विचारत नाही, पण ‘बाप्पा, सिएलो! हे अजून चालून राहिली?’ एवढं मात्र हमखास ऐकायला मिळतं.

मुळात ही जर्मन ओपल कॅडेट गाडीची बहीण. १४९८ सीसीचं आठ व्हॉल्व्हचं इंजिन आडवं बसवलेलं, एक्झॉस्टची बाजू पुढे, रेडिएटरकडे. कंपनीच्या बिडाच्या मॅनिफोल्डवर ऑक्सिजन सेन्सर अगदी समोर दिसायचा, इंजिनमधून धूर जिथून निघतो त्या पोर्टपासून जेमतेम वीतभर अंतरावर. त्याला एकच वायर. त्याला तापवणारा हीटर नाही, अर्थिंगची वेगळी वायर नाही. सेन्सर आपल्या आट्यांतून मॅनिफोल्डला आणि मॅनिफोल्ड इंजिनला अर्थ देणार. बिडाचा जाड मॅनिफोल्ड उष्णता धरून ठेवतो आणि पोर्टमधून निघालेला धूर तिथेच भाजून काढतो, त्यामुळे हीटर नसला तरी कुणाचं काही अडत नव्हतं.

४-२-१ हेडरमध्ये, म्हणजे चार नळ्यांच्या दोन आणि दोनची एक होते तिथे, हे गणित उलटतं. चारही सिलिंडरचा धूर एकत्र येतो तो थेट शेवटच्या जोडात, कलेक्टरमध्ये, म्हणून सेन्सरही तिथेच, आणि आमच्या गाडीत कलेक्टर येतो इंजिनच्या चेंबरखाली, म्हणजे तेलाच्या टाकीखाली. म्हणजे पोर्टपासून हात-दीड हात लांब, पातळ स्टेनलेसच्या नळ्यांतून आलेला धूर, आणि त्यात खालून लागणारा वारा. गाडी पळत असताना धूर इतका जास्त आणि इतका गरम असतो की हे खपून जातं. आयडलला धूर थोडा, तोही वाटेत निवलेला.

आमच्या मिस्त्रींनी बॉनेट उघडण्याआधीच निकाल दिला होता. ‘भाऊ, सेन्सर मेला तुमचा. नवा टाकून द्या, झालं.’

‘मेला तर वर्धा रोडवर कसा जिवंत होते मिस्त्री?’

ह्यावर ते हसले आणि पान थुंकायला गेले. प्रश्न मात्र खरा होता. मेलेला सेन्सर मोकळ्या रस्त्यावरही मेलेलाच राहिला असता.

सेन्सरच्या टोकाला झिर्कोनियाच्या सिरॅमिकची टोपी असते. तिच्या बाहेरून धूर, आतून मोकळी हवा. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये जो फरक असतो त्यावर ती स्वतःच व्होल्टेज तयार करते. मिश्रण रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, असेल तर ०.९ व्होल्टच्या आसपास, लीन, म्हणजे पेट्रोल कमी, असेल तर ०.१ च्या आसपास. हवा आणि पेट्रोलचं प्रमाण १४.७ ला १ ह्या रेषेवरून इकडचं तिकडे झालं की व्होल्टेज एकदम उडी मारतं. ईसीयू, म्हणजे इंजिनचा कंप्युटर, त्या उडीकडे बघून पेट्रोल क्षणात थोडं कमी, क्षणात थोडं जास्त करत राहतो. ह्यालाच क्लोज्ड लूप म्हणतात. पण सिरॅमिक साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापलं तरच हे सगळं चालतं. त्याखाली सेन्सर मुका, आणि ईसीयू आपल्या आठवणीतल्या ठोकताळ्याने पेट्रोल सोडतो, तेही सावधगिरी म्हणून जरा सढळ हाताने. सिग्नलवरचा वास तिथून येत होता.

हे माझं अनुमान झालं. ते पडताळून बघणं फार अवघड नव्हतं. ह्या गाडीचं इलेक्ट्रॉनिक्स जनरल मोटर्सच्या घराण्यातलं. डायग्नोस्टिक सॉकेटमधल्या ए आणि बी पिना वायरच्या तुकड्याने जोडून चावी ऑन केली की चेक इंजिनचा दिवा लुकलुकून कोड सांगतो. आधी १२, म्हणजे यंत्रणा बोलते आहे एवढंच. मग आमचा आला १३: ऑक्सिजन सेन्सरच्या सर्किटमध्ये हालचाल नाही. ४४ असता तर सतत लीन, ४५ असता तर सतत रिच. तेरा म्हणजे सेन्सर काहीच बोलत नाही.

मग मल्टिमीटर. तो डिजिटलच हवा, कारण जुना काट्याचा मीटर सेन्सरकडून इतका करंट ओढतो की आकडा खोटा येतो. वायरला टाचणी टोचून भोकं पाडण्याऐवजी कनेक्टरच्या मागून पिन घातली, काळं टोक इंजिनच्या ब्लॉकला, आणि लांब वायर काढून मीटर डॅशबोर्डवर. भाचा शेजारी बसून आकडे ओरडत होता. वर्धा रोडवर ‘पॉइंट आठ, पॉइंट दोन, पॉइंट सात, मामा हे थांबतच नाही.’ परत येताना सिग्नलला उभे राहिलो तर आधी आकड्यांची उडी आखडली, मग मंदावली, आणि शेवटी ०.४५ वर जाऊन बसली. हा ०.४५ सेन्सरचा नव्हेच. ईसीयू स्वतः त्या वायरवर तेवढं व्होल्टेज ठेवून देतो. सेन्सर गरम झाला की ते आपल्या बाजूला ओढतो, थंड पडला की सोडून देतो. सिग्नल सुटल्यावर थोड्या वेळात उडी परत सुरू. ह्याहून स्पष्ट पुरावा मला नको होता.

उपाय तीन निघाले. सेन्सर वर नेऊन एखाद्या नळीत पोर्टजवळ बसवायचा, तर तो एकाच सिलिंडरचा धूर बघणार आणि उरलेल्या तिघांचा हिशेब त्याच्यावरून लागणार. हेडरला पट्टी गुंडाळायची, तर उष्णता आत राहते खरी, पण पट्टीत ओल धरते आणि नागपूरच्या पावसाळ्यानंतर खाली काय सडतंय ते दिसतही नाही. तिसरा उपाय हीटरचा सेन्सर. तो काही नवा शोध नाही. बॉशचा लॅम्डा सेन्सर १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाड्यांवर आला आणि हीटरवाला १९८२ मध्ये. माझ्या गाडीच्या जन्माआधी सोळा वर्षं.

सेन्सर आणण्याआधी मात्र लीकेज बघायचं होतं, आणि माझ्या मते ह्या सगळ्या कामात सर्वांत जास्त दुर्लक्ष ह्याच पायरीकडे होतं. हेडर जिथे इंजिनवर कसतात त्या फ्लेंजला बारीकशी फट असली तर धूर बाहेर येतो एवढंच लोकांना ठाऊक असतं. पण एक्झॉस्टमध्ये दाब एकसारखा नसतो, ठोके असतात, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये नळीतला दाब बाहेरच्यापेक्षा खाली जातो. तेव्हा त्याच फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ऑक्सिजन दिसतो, तो ‘लीन’ म्हणतो, आणि ईसीयू आधीच पुरेसं असलेल्या मिश्रणात आणखी पेट्रोल ओततो. अशा गाडीला हीटरचा सेन्सर लावणं म्हणजे चुकीची बातमी लवकर पोहोचवण्याची सोय. एखादा प्लग मिस होत असेल तरी हेच होतं, कारण न जळलेला ऑक्सिजन जसाच्या तसा बाहेर येतो.

थंड इंजिन सुरू करून मागच्या पाईपवर ओल्या फडक्याचा बोळा क्षणभर धरला आणि पुढे कान दिला. तिसऱ्या सिलिंडरच्या फ्लेंजशी फुसफुस. साबणाच्या पाण्याने जागा पक्की कळली. स्टड सैल झाला होता आणि गॅस्केटवर कुणीतरी लाल सिलिकॉनचा थर दिलेला. साध्या सिलिकॉनच्या वाफा सेन्सरच्या टोकावर पांढरा थर चढवतात आणि सेन्सर हळूहळू बहिरा होतो, म्हणून ‘सेन्सर सेफ’ लिहिलेलंच वापरायचं किंवा काहीच नाही. फ्लेंज घासून सपाट केला, नवं गॅस्केट कोरडंच घातलं, नट मधून बाहेरच्या बाजूला टप्प्याटप्प्याने कसले.

सेन्सर घाट रोडवरून आणला. तिथे ‘सिएलोचा द्या’ म्हटलं की दुकानदार आधी तुमच्याकडे बघतो, मग माळ्याकडे. माझं मागणं सोपं होतं: चार वायरचा झिर्कोनिया सेन्सर, युनिव्हर्सल, १८ मिलिमीटरचे दीडच्या पिचचे आटे. पहिल्या दुकानात मिळालेल्या डब्यावर नाव मोठं होतं, पण आतल्या दोन पांढऱ्या वायरींमध्ये मीटरने काहीच दाखवलं नाही. हीटर तुटलेला किंवा मुळात नसलेला. दुकानदाराने शांतपणे डबा परत घेतला. पुढच्या दुकानातल्या सेन्सरचा हीटर काही ओहम दाखवत होता, तो घेतला. असा सेन्सर विकत घेताना काउंटरवरच मीटर लावावा. भलं दुकान असेल तर त्याला राग येत नाही.

बॉशच्या पद्धतीत दोन पांढऱ्या वायरी हीटरच्या, काळी सिग्नलची, राखाडी सिग्नलच्या अर्थची. हीटरला उलट-सुलट नाही. दुसऱ्या काही जपानी कंपन्यांचे रंग वेगळे असतात, तिथे काळ्या वायरी हीटरच्या निघतात, म्हणून रंगांवर भरवसा ठेवण्याआधी बघून घ्यावं.

तीन वायरचाही मिळतो, स्वस्तात. मी चारचा घेतला तो राखाडी वायरीसाठी. तीनवाल्याची अर्थ पुन्हा आट्यांतूनच जाते, आणि हेडरमध्ये तिच्या वाटेत जोड, गॅस्केट, गंज, पेस्ट सगळं येतं. हेडलाइट आणि पंखा चालू ठेवून कलेक्टर ते ब्लॉक मोजलं तर काही दशक मिलिव्होल्टचा फरक येत होता. बारा व्होल्टच्या दिव्याला त्याचं काही नाही, पण जिथे सगळा खेळ ०.१ ते ०.९ मध्ये आहे आणि निर्णय ०.४५ वर होतो, तिथे तेवढा घोळही नको. राखाडी वायर थेट ब्लॉकवर, ईसीयूची अर्थ जिथे कसलेली आहे त्याच बोल्टला.

मग आर्गन वेल्डिंगवाल्या दादांकडे. जुनी जागा कलेक्टरच्या पोटाला, खालून होती, म्हणजे सेन्सरचं टोक वर आणि शेपूट रस्त्याकडे. हीटरच्या सेन्सरला हे अजिबात चालत नाही. थंड सुरुवातीला पाईपमध्ये पाणी जमतं. ते लालबुंद सिरॅमिकवर पडलं की तडा गेलाच समजा. सेन्सर आडव्या रेषेच्या वर निदान १० अंश तरी उचललेला हवा, टोक खाली, म्हणजे थेंब साचत नाहीत. चेंबर आणि कलेक्टरमधल्या जागेत पाना कसा जाईल हे दादांनी झोपून पाहिलं आणि घड्याळातल्या दहाच्या दिशेला खूण केली. लेथवाल्याने स्टेनलेसच्या गजातून आट्यांचा जाड नट काढून दिला होता. बॅटरी सोडवली, ईसीयूचा कनेक्टर काढला, हेडर उतरवूनच वेल्डिंग केलं. नट तापून आकसतो, म्हणून वेल्डिंगच्या वेळी त्यात एक जुना खराब सेन्सर कसून ठेवतात. नंतर टॅप फिरवला. जुनी जागा बंद केली.

‘भाऊ, येवढ्या एका वायरीसाठी येवढं?’ दादांनी विचारलं. मी चार बोटं दाखवली.

हीटरची वीज कुठून घ्यायची ह्यावर आमच्या ऑटो इलेक्ट्रिशियनशी बराच वाद झाला. त्याचं म्हणणं, इग्निशनच्या वायरीला जोडून टाकू. गरम झाल्यावर हीटर साधारण एक अँपिअर घेतो, पण थंड असताना सुरुवातीला त्याहून बराच जास्त. पंचवीस वर्षांच्या इग्निशन स्विचवर हे ओझं टाकायला मी तयार नव्हतो. दुसरं म्हणजे चावी ऑन करून कुणी गाणी ऐकत बसलं तर धुराविना हीटर तापत राहणार. म्हणून रिले, म्हणजे छोट्या करंटवर चालणारा वेगळा स्विच. त्याच्या ३० नंबरच्या पिनेला बॅटरीवरून ७.५ अँपिअरच्या फ्यूजमधून वीज, ८७ वरून हीटर, ८५ ला अर्थ, आणि ८६ ला फ्यूएल पंपाची वायर. पंपाला ईसीयू चावी ऑन केल्यावर जेमतेम दोन सेकंद वीज देतो आणि नंतर इंजिन फिरत असेल तरच. म्हणजे इंजिन चालू तर हीटर चालू, इंजिन बंद तर हीटर बंद, वेगळं काही करावं लागत नाही. इलेक्ट्रिशियनने आकृती दोनदा उलटसुलट बघितली आणि म्हणाला, ‘जमते.’

जोड मात्र मी सोल्डर करू दिले नाहीत. सेन्सरला आतली मोकळी हवा बऱ्याच अंशी वायरीच्या तारांमधून, इन्सुलेशनच्या आतून मिळते. सोल्डर तारांमध्ये चढलं की ती वाट बुजते. म्हणून क्रिंप केलेले जोड, वर हीटश्रिंक, आणि कनेक्टरमध्ये ग्रीस अजिबात नाही. वायरींवर फायबर ग्लासची स्लीव्ह चढवून त्या हेडरपासून लांब, चेंबरच्या मागून वर नेल्या. जोड बॉनेटखाली उंचावर ठेवले. नरेंद्रनगरच्या पुलाखाली पावसाळ्यात काय होतं ते नागपूरकरांना सांगायला नको.

सेन्सर बसवणं हे ह्या सगळ्यात सर्वांत किरकोळ काम. बावीसचा पाना, आट्यांवर कंपनीची पेस्ट आधीच लावलेली, टोकाला बोट लावायचं नाही, साधारण ४० ते ५० न्यूटन-मीटरवर थांबायचं. बॅटरी बराच वेळ सुटलेली होती, त्यामुळे जुने कोड आणि ईसीयूने शिकलेला हिशेब दोन्ही पुसले गेले होते.

डिसेंबरच्या सकाळी, काच दवाने भरलेली असताना, गाडी अंगणातच सुरू केली. मीटर ०.४५ वर. अजून चहा संपला नव्हता तेवढ्यात आकडा हलला, आणि इंजिनचं पाणी पुरेसं तापल्यावर जी उडी सुरू झाली ती एकाही किलोमीटरची चाल न घेता. मग मुद्दाम गर्दीच्या वेळी बर्डीतून गाडी नेली. व्हेरायटी चौकात पूर्ण लाल सिग्नल उभे राहिलो, मागे हॉर्न, बाजूला रिक्षा, आणि भाचा कंटाळून म्हणतो, ‘मामा, तेच. पॉइंट दोन, पॉइंट आठ, तेच.’ वास नव्हता.

पुढच्या दिवसांत शहरातलं अ‍ॅव्हरेज लिटरमागे किलोमीटर-दीड किलोमीटरने सुधारलं. ह्यात सेन्सरचा वाटा किती आणि तिसऱ्या फ्लेंजच्या गॅस्केटचा किती, हे मी वेगळं करू शकत नाही. पीयूसीत ह्या वयाच्या गाडीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत चालतो, त्यामुळे पास तर ती आधीही व्हायची. पण आता आकडा मर्यादेच्या कितीतरी खाली येतो आणि पीयूसीवाला पोरगा नळी नीट लागली का ते वाकून बघतो.

ताकद वाढली का, असं सगळेच विचारतात. नाही. पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबला की हा ईसीयू ऑक्सिजन सेन्सरकडे बघतच नाही, आपल्या तक्त्यातून रिच मिश्रण देतो. ताकदीसाठी हा खर्च करणाऱ्याने तो पैसा टायरवर घालावा. ह्या कामाचा फायदा आयडलला, गर्दीत आणि थंड सुरुवातीला.

अलीकडे ह्यात एक मुद्दा वाढला आहे, तो वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा. शुद्ध पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९. वीस टक्क्यांच्या मिश्रणाला सुमारे साडेतेरा. १९९८ च्या ईसीयूच्या आठवणीतला ठोकताळा पेट्रोलचा आहे, त्यामुळे सेन्सर गप्प असताना हिशेब सात-आठ टक्क्यांनी लीनकडे घसरतो. सेन्सर बोलत असेल तर ईसीयू आयडलला आणि सावकाश चालीत ती तूट भरून काढतो, कारण सेन्सरला पेट्रोल कुठलं ह्याच्याशी देणंघेणं नाही, तो फक्त उरलेला ऑक्सिजन बघतो. पूर्ण थ्रॉटलवर मात्र ही मदत तितकी खात्रीची नाही, आणि हेडरमुळे हवा थोडी जास्त येत असताना मला त्याचीच थोडी धास्ती आहे.

म्हणून दादांकडून त्याच दिवशी कलेक्टरवर दुसराही नट लावून घेतला होता, वाइडबँड सेन्सरसाठी. जुन्या ईसीयूला त्याची भाषा थेट कळत नाही, पण डॅशबोर्डवर मीटर लावला तर पूर्ण दाबावर मिश्रण नेमकं किती आहे ते दिसेल. वाइडबँडची किंमत ऐकून सध्या तिथे अठराचा बोल्ट आणि तांब्याचं वॉशर आहे.